घरमालकांचे दोन राखणदार

शिरूरपासून दौंडपर्यंतच्या दुकानांत त्या काळी जेवढी कुलपं विकली गेली, त्यांतली निम्मी तरी आमच्या घरमालकांच्या घरी लागलेली असणार. शिरूरला त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला. दार एकच होतं. मी म्हटलं, "आबा, इथे चोराने न्यावं असं आहे काय?" तर म्हणाले, "ते चोराला कुठं ठावं हाय, बाई? त्यो आत येऊनच बघणार न्हवं?" मी जुडगा पर्समध्ये टाकला.

घराणं मूळचं मेंढपाळांचं. वडिलांपर्यंत कळपामागे हिंडणं होतं. आबांनी शेती केली, पक्कं घर बांधलं. मेंढरं गेली, पण राखणीची सवय काही गेली नाही. गॅसची टाकी साखळीने ओट्याच्या पायाला जखडलेली. स्कूटर दारच्या लिंबाला बांधलेली. एकदा लग्नाला निघताना त्या साखळीची किल्लीच सापडेना. शेवटी रिक्षा बोलावली, पण बसण्याआधी साखळीला आणखी एक कुलूप घातलं. का, तर पहिल्याची किल्ली चोराला सापडली म्हंजी? शेतावरच्या कांदा साठवायच्या चाळीवर त्यांनी एक राखणदार कासुर्डी गावचा ठेवला आणि एक खुटबाव गावचा, आणि एकाचा पत्ता दुसऱ्याला लागू दिला नाही. "एकमेकांची वळख झाली की दोघंबी झोपत्यात," हे त्यांचं शास्त्र. पहिल्याच रात्रीनंतर सकाळी आबा चाळीवर पोचले, तर दोघे एकमेकांची गचांडी धरून बसलेले, दोघांचे शर्ट फाटलेले, आणि दोघेही ओरडतायत, "आबा, चोर धरलाय!" आबांनी दोघांना चहा पाजला आणि दोघांनाही कामावर ठेवलं.

अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर आला तो एकुलत्या एका लेकीमुळे. ती लग्न होऊन दुबईला गेली. जाण्याआधी तिने सायबर कॅफेत नेऊन वडिलांना ई-मेलचा पत्ता काढून दिला आणि पत्र कसं उघडायचं ते शिकवलं. फोन महाग, म्हणून पत्रं मेलवर येतील, असं ठरलं. आबांनी पुण्याहून मशीन आणलं, त्याला स्वतंत्र खोली दिली आणि खोलीला अर्थातच दोन कुलपं. पण मशीनला व्हायरस नावाचा चोर लागतो हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. मशीनबरोबर एक अँटिव्हायरस आलाच होता. रांजणगावच्या कंपनीत कामाला असलेल्या भाच्याकडून त्यांनी आणखी एका अँटिव्हायरसची सीडी मागवली आणि तोही बसवून घेतला.

तेव्हापासून इंटरनेटची खिडकी टिकेना. मेलचं पान अर्धं उघडायचं, मशीन घुटमळायचं आणि खिडकी आपोआप मिटायची. आबा मात्र खचले नाहीत. उलट गल्लीभर सांगत सुटले, "ल्येक लिहितीय वो! पत्रांचा ढीग पडलाय आत. मिशीन मेलं दार लावून घेतंय." रोज पूजा आटोपली की ते मशीनपुढे बसत, खिडकी उघडत, ती मिटली की म्हणत, "आलं असंल, आजबी आलं असंल," आणि शेतावर जात. हे महिनोन्‌महिने चाललं. मला विचारायचं त्यांनी टाळलंच. शेवटी मीच म्हटलं, मी बघते.

आधी फोनची लाइन तपासली. ब्राउझर काढून नव्याने टाकला. तरी तेच. मग पडद्यावर खाली घड्याळ असतं त्या कोपऱ्यात बघितलं, तर दोन्ही अँटिव्हायरसची चित्रं शेजारी शेजारी. एक थोडा वेळ बंद केला, खिडकी टिकली. तो सुरू करून दुसरा बंद केला, तरी टिकली. दोन्ही सुरू केले की मिटली. मी म्हटलं, "आबा, यातला एक काढायचा."

"आन् दुसऱ्याला डुलकी लागली म्हंजी?"

"हे डुलक्या घेत नाहीत. येणारं प्रत्येक पान दोघेही एकदम धरतात, आणि त्या ओढाताणीत खिडकी पडते. तुमच्या चाळीवर काय झालं होतं?"

आबा हळूच म्हणाले, "शर्ट फाटले व्हते." मान हलवली. "काढा. भाच्याचा काढा."

काढला. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, मेलचं पान उघडलं. आबा खुर्ची ओढून पुढे सरकले. चष्मा पुसला. या वेळी पान मिटलं नाही. पूर्ण उघडलं, स्थिर राहिलं.

आत एकच पत्र होतं. सुखरूप पोचले, घर लहान आहे, आबा औषध वेळेवर घ्या. तारीख ती गेली त्याच आठवड्यातली. त्यानंतरचं काही नव्हतं.

मी माउस उगाच खालीवर फिरवला. बिघाड सापडला की मला समाधान वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही.

"अजून कुठं दुसरीकडं पडली असतील?" आबांनी विचारलं.

"नाही, आबा. सगळी इथेच येतात."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "बाई, त्यो भाच्याचा पुन्यांदा घालता येतो का?"

"येतो. पण घालायचा नाही," मी म्हटलं. मग जरा नरमून विचारलं, "तुम्ही लिहिलंत का तिला कधी?"

"म्या? सासरी गेल्या पोरीला बापानं आदी लिवायचं? तिच्या घरात तिला कामं असत्यात." आमच्याकडचे बाप असेच. लेकीच्या घरी पाणी पितानाही अवघडणारे. पत्र म्हणजे जणू तगादा.

"सांगा, मी टाइप करते," म्हणून मी कीबोर्ड ओढला. त्यांनी दोनदा घसा साफ केला. मला वाटलं होतं, वर्षभराचं साठलेलं निघेल. त्यांनी सांगितलं एवढंच: "इकडं समदं बेस. मिशीन बिघडलं व्हतं, म्हून तुझी पत्रं दिसली न्हाईत. आता नीट झालंय. कवाबी लिही."

मी शब्द न बदलता पाठवून दिलं.