हमीद मास्तरांचा रिकामा वर्ग

माझ्या बायकोला हे माहीत नव्हतं. ती गेली तेव्हाही मी तोंड उघडलं नव्हतं. मुलांना सांगायचा तर प्रश्नच नाही — त्यांच्या लेखी त्यांचा बाप म्हणजे सचोटीचा पुतळा. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. आणि सांगतानाही आधी माझंच गाऱ्हाणं पुढे येईल, हे मी ओळखून आहे. जन्माची सवय आहे ती.

गाऱ्हाणं मात्र खरं होतं हो. सेनगावच्या पलीकडच्या एका गावात मी हेडमास्तर होतो. निजामाचं राज्य जायला अजून चारपाच वर्षं होती. हेडमास्तर म्हणजे काय, तर शाळेत दोनच मास्तर आणि त्यातला मी जुना. खालचे सगळे वर्ग मराठीत, ते माझ्याकडे. एक खोली आणि ऐंशीच्या आसपास पोरं. एक पोरगं अक्षर गिरवतंय, त्याला टेकून बसलेलं पाढे ओरडतंय, उंबऱ्यावर बसलेल्याचं सगळं लक्ष बाहेरच्या म्हशीकडे. एकाची पाटी बघायला वाकावं तर मागं दोघांची जुंपलेली. संध्याकाळी घसा असा बसायचा की जेवताना मीठ हवं असलं तर बोटानं दाखवायचो. याला शिकवणं म्हणतात? कोंडवाडा होता तो, आणि मी त्याचा राखणदार.

पलीकडच्या खोलीत हमीद मास्तर. वरचे वर्ग उर्दूत चालत, ते त्यांच्याकडे. दहाबारा मोठी पोरं, ओळीनं बसलेली. मास्तरांचा आवाज कधी चढायचा नाही — चढवायची गरजच काय? भिंतीपलीकडच्या त्या शांततेचा मला राग यायचा. मी वर अर्ज पाठवले. आणखी एक मास्तर द्या, नाहीतर माझी निम्मी पोरं तिकडे तरी बसवू द्या. उत्तर नाही. पुन्हा अर्ज. पुन्हा तेच. एकदा हमीद मास्तरांनाच म्हटलं, घ्या की थोडी तुमच्याकडे.

"हुकूम आना गुरुजी, सगळी घेतो," ते म्हणाले. "बिनहुकमाची घेतली अन् माझ्या पोरांची परीक्षा गेली, तर त्यांच्या मायबापाला काय सांगू?"

खरं तेच बोलले. पण खरं बोलणाऱ्याचा जास्तच राग येतो — तुम्हाला नाही येत?

ते त्याच गावचे. त्यांच्या वडिलांना सगळे रंगारी चाचा म्हणत. एके काळी चाचा आसपासच्या गावांची लुगडी-पागोटी रंगवून द्यायचे. पुढे दृष्टी गेली, धंदा बसला. घरात बाईमाणूस नव्हतं. हमीद मास्तर पहाटे उठून वडिलांना अंघोळ घालत, भाकरी करून झाकून ठेवत आणि मग शाळेत येत. वडिलांपायी किती खटपटी करून त्यांनी स्वतःच्या गावची नेमणूक मिळवली होती! हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळं ठाऊक होतं.

मग तपासणीचा निरोप आला. शाळा तपासणाऱ्या साहेबांना आमच्याकडे नाझरसाहेब म्हणत, ते गुरुवारी यायचे होते. मला वाटलं, कागदावरच्या आकड्यानं कुणाचं पोट दुखतं? साहेबानं डोळ्यांनीच बघावं. एका खोलीत पाय ठेवायला जागा नाही आणि दुसरीत मास्तर माशा मारतोय. मग हुकूम तिथल्या तिथे, अर्धी पोरं तिकडे! त्यासाठी हमीद मास्तरांची दहाबारा पोरंही दिसायला नको होती. आणि ती न दिसण्यासाठी मी — थांबा, हे पटकन सांगून टाकतो — मी न्हाव्याकडे गेलो.

त्या काळी पोरं वाघाला भ्यायची नाहीत इतकी देवी टोचणाऱ्याला भ्यायची. तो दंडावर सुई फिरवायचा, जखम पिकायची, आठवडाभर ताप. तो येतोय अशी नुसती कुणकुण लागली तरी पोरं गायब. दाढी करून घेताना मी न्हाव्याला सहज म्हटलं, गुरुवारी टोचणारा येणार असं ऐकतो. यंदा म्हणे लहानांना सोडलंय, मोठ्यांनाच धरणार. एवढंच. न्हाव्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. माझ्या पोरांना मात्र मी रेवड्या कबूल केल्या.

गुरुवारी माझ्या खोलीत मुंगीला शिरायला वाट नव्हती. पलीकडच्या खोलीत कोणीच नव्हतं.

हमीद मास्तर आधी दारात उभे राहिले, मग धावले. गल्लीगल्लीतून एकेकाचं नाव घेऊन हाका मारल्या. ओढ्याला बघून आले, तुरीच्या वावरात बघून आले. ठेवणीतला सदरा घामानं पाठीला चिकटला होता. मला म्हणाले, "काल तर समदी होती हो गुरुजी." मी काय म्हणालो? येतील म्हणालो.

साहेब आले. माझा गच्च वर्ग बघून खूश झाले — शाबास, म्हणाले, पट चांगला राखलात! मी आ वासून बघत राहिलो. मग पलीकडे गेले. हमीद मास्तरांनी तोवर कुणाकडून तरी ऐकलं होतं, ते त्यांनी सांगितलं, टोचणाऱ्याच्या भीतीनं पोरं पळाली. साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, असा कोणी येणार होता का? मी म्हणालो, माझ्या तरी कानावर नाही.

होळीच्या सुमारास हुकूम आला. वरचे वर्ग बंद. हमीद मास्तरांची जागा उचलून थेट तेलंगणात, जिथली भाषाही त्यांना येत नव्हती. उरलेली मोठी पोरं माझ्याच खोलीत. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती! हसू येतंय ना? हसा. मलाही कित्येक वर्षं या गोष्टीतला एवढाच भाग आठवायचा, आणि आठवला की स्वतःचीच कीव यायची.

चाचांनी परमुलखात जायला साफ नकार दिला. शेजारचा पुतण्या दोन वेळची भाकरी देईल असं ठरलं. हमीद मास्तर बैलगाडीनं हिंगोलीच्या स्टेशनकडे निघाले, तेव्हा मला म्हणाले, जातायेता अब्बांची चौकशी करत जा. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

लोक म्हणतील, राजवटच तशी होती, शाळांचे हाल कुत्रं खात नव्हतं. खरं आहे. पण न्हाव्याकडे मला राजवटीनं धाडलं नव्हतं. आणि इथवरचं मी कदाचित कधीतरी कुणाला सांगितलंही असतं, तरण्या वयातला आगाऊपणा म्हणून. जे सांगता आलं नाही, ते याच्या पुढचं आहे.

चाचा दिवसभर ओट्यावर बसलेले असत. एका संध्याकाळी शाळेतून जाताना मी विचारपूस करायला थांबलो. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, आजूबाजूला कोणी नाही ना, विचारलं.

"गुरुजी, एक सांगतो, हमीदला कळू देऊ नका," चाचा म्हणाले. "त्या दिशी ती पोरं माझ्या घरात होती. पाया पडली माझ्या. म्हनली, चाचा, टोचणारा येऊन राहिला, लपवा आमाला. मास्तरच्या घरात कोन शोधील? मी बशिवली रंगाच्या रिकाम्या रांजनांत. हमीद हाका मारत गल्लीतून गेला, मी ऐकलं. गप बसलो. मला आपली गंमत वाटली, गुरुजी. लेकरांची गंमत."

म्हातारा माणूस, लहान पोरासारखा रडत होता. "साहेब आलता हे मला काय ठावं? माझ्याच हातानं मी माझं लेकरू देशोधडीला लावलं."

माझ्याकडे एक वाक्य होतं. चाचा, ती आवई मी उठवली — झालं, संपलं. जिभेवर होतं ते. रस्त्यावर कोणी नव्हतं. ते आंधळे होते, माझं तोंडसुद्धा त्यांना दिसणार नव्हतं. याहून सोपं करून कोण देणार होतं मला?

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "चाचा, झालं ते झालं. तुम्ही काय मुद्दाम केलंत? अल्ला माफ करील."

"तुमी म्हनता?"

"मी म्हणतो ना."

पुढच्याच वर्षी ते गेले. हमीद मास्तर वेळेवर पोचू शकले नाहीत. चाचा गेले ते मुलाचा आपण घात केला, हेच मनात घेऊन गेले, आणि तो त्यांनी केलाच नव्हता, हे जगात फक्त मला माहीत होतं. त्या संध्याकाळी, मी म्हणतो ना, असं म्हटल्यावर त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि दोन्ही डोळ्यांना लावला. मी तो काढून घेतला नाही.