मागचं पेडल जरा उशिरा

गल्लीत त्याला सगळे मिलीमीटर म्हणत. जन्मभर कारखान्यात लेथवर काम केलेला माणूस; टेबलाचा पाय जरा डुगडुगला तरी गडी जेवण सोडून खाली वाकायचा. हे नाव त्याच्या बायकोनंच ठेवलेलं, आणि ते गल्लीभर झाल्यावर तिनंच कानांवर हात ठेवले.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं वर्कशॉप होतं, आणि तिथं दोन सीटची जुनी सायकल उभी असायची. लग्नाच्या नव्या नवलाईत भंगारातून उचलून आणलेली. पुढे तो, मागे ती. अशा सायकलीत दोघांची पेडलं एका चेननं बांधलेली असतात. एकानं पाय मारला की दुसऱ्याचा फिरतोच. काही वर्षांनी तिचा डावा गुडघा धरला. पेडल वर आलं की तिथंच अडायचा आणि ती कळवळायची. तेव्हा यानं शक्कल लढवली. ती चेन उतरवली, मागची दातेरी चकती थोडी मागं फिरवली आणि चेन परत चढवली. आता तिचं पेडल त्याच्यापेक्षा जरा उशिरा वर यायचं, आणि ती अडायच्या जागी आली की याच्या पायाचा जोर तिला पलीकडे नेऊन सोडायचा.

"म्हणजे इथंही मी तुमच्या मागेच!" ती म्हणायची.

"तुला कुठं निघायचं तर उशीर होतोच की," हा म्हणायचा.

ती गेली, आणि तो एकटाच सायकल काढू लागला. उन्हं तिरपी झाली की बाजूला सावली पडायची. त्या सावलीत मागची रिकामी पेडलं त्याच्या पायांच्या जरा मागून फिरताना दिसायची. तो तेवढंच बघत राहायचा. उशीर करणारी बाई अजून उशीरच करतेय, असं त्याला वाटायचं. वाटायचं म्हणजे अगदी खरंच वाटायचं. एकदा तर तो मागं वळून बोललासुद्धा.

यंदा सायकल फारच कुरकुरायला लागली. लेक राहायला आली होती. ती म्हणाली, "बाबा, पडाल एक दिवस. विकून तरी टाका."

विकायचं नाव काढताच त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तडक शेडमध्ये शिरला आणि सगळी सायकल खोलून बसला. बेअरिंगमधले छर्रे रॉकेलमध्ये धुतले, गंज खरवडला, ग्रीस भरलं, रंग दिला. हात सवयीनं चालत होते, आणि सवयीनंच घात केला. पुढची-मागची पेडलं त्यानं रीतसर एका रेषेत बसवली. चेन चढवून फिरवली. मागचं पेडल पुढच्याबरोबर निमूट वर आलं.

खोलण्याआधी खूण करायची राहून गेली होती. नव्या कामगारांना "आधी खूण, मग पाना" म्हणून फैलावर घेणारा माणूस! आणि किती दाते मागं, ते त्यानं तेव्हाही मोजलं नव्हतं. ती सीटवर बसून "अजून थोडं, अजून थोडं... हां" म्हणाली होती, आणि तिच्या त्या 'हां'वर यानं हात थांबवला होता.

मग चेन उतरव, चकती सरकव, चेन चढव, रस्त्यावर जाऊन सावली बघ, असं चाललं. प्रत्येक वेळी सावलीत नुसती पेडलं होती. बायको पुन्हा एकदा गेली, तीही आपल्याच हातून, हे त्याला आतून खात होतं. त्याचं जेवणावरचं मन उडालं.

"काय शोधताय बाबा?" लेकीनं दारातून विचारलं.

"तुझ्या आईची जागा."

तिनं आत येऊन मागची सीट हातानं पुसली. मग म्हणाली, "मी बसते मागे."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"नाही कळणार. पण रिकामी सायकल किती दिवस फिरवाल?"

पहिल्यापासून सुरुवात करायची म्हणून पेडलं त्यानं पुन्हा सरळ रेषेत आणलेली होती. तशीच सायकल घेऊन दोघं निघाली. आभाळ भरलेलं होतं, सावली नव्हतीच. कोपरा वळल्यावर लेक मागून ओरडली, "बाबा, ढकलताय कशाला?"

"मी कुठं ढकलतोय?"

"डावा पाय वर आला की दर वेळी! जोर लावून पलीकडे नेताय. माझा गुडघा धडधाकट आहे हो!"

तो हे हसण्यावारी नेणार होता. तेवढ्यात त्याला ते स्वतःच्या मांडीत जाणवलं. एवढी वर्षं तो सगळं श्रेय चेनला देत आला होता. त्याच्या डोळ्यांपुढचा रस्ता पुसट झाला.

"बाबा? थांबायचं का?"

"नको," तो कसाबसा म्हणाला.

त्यानं मुद्दाम पाय सैल सोडून बघितला. डावं पेडल वर आलं, आणि पायानं त्याचं न ऐकता तिला पलीकडे नेऊन सोडलं.