परक्या गळ्यातलं मंगळसूत्र

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण तोही नजर ठेवून. देवळात गेले तरी चपला पिशवीत घालून काखेत धरायच्या आणि मग हात जोडायचे, ही माझी रीत. भाजीवाल्याचा काटा, शेजारणीचं गोड बोलणं, सगळ्यांत मला काहीतरी काळंबेरं दिसतं. सासूबाई म्हणतात, हिला साक्षात देव भेटला तरी ही आधी आधारकार्ड मागेल. अशी मी काळाचौकीहून परळच्या एका इस्पितळात दाखल झाले, पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनसाठी.

गाठ साधी आहे, ऑपरेशन उद्या, असं ठरलं होतं. नवरा निर्धास्तपणे रक्तपेढीत गेला आणि इकडे माझ्या पोटात अशी कळ उठली की डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टर धावत आल्या. गाठीला पीळ पडलाय, आत्ताच न्यावं लागेल म्हणाल्या. मला पहिला संशय आला तो त्यांचाच. सकाळपर्यंत साधी असलेली गाठ दुपारी अवघड कशी झाली? दुसरा संशय देवाचा. सासूबाईंनी फोनवरून गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं होतं, ते पोचलं तरी का? भ्यालेल्या माणसाला सगळं जगच खोटं वाटतं.

सिस्टर म्हणाली, अंगावरचं सगळं काढा. नवऱ्याचा फोन लागेना. तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची बहीण पुढे आली. गिरगावातल्या जुन्या ख्रिस्ती वाडीत राहणारी, फुलाफुलांचा झगा, गळ्यात क्रूस. आल्यापासून ती माझी पाण्याची बाटली भरून देत होती आणि मी बाटली हुंगून मगच पीत होते. आता तिने हात पुढे केला, तर मी मंगळसूत्र मुठीत घट्ट आवळलं. लग्नापासून ते गळ्यातून उतरलं नव्हतं. उतरलं तर मी परत येणार नाही, असं काहीबाही मनात येत होतं. पण स्ट्रेचर दारात उभं होतं, म्हणून काढून दिलं आणि वर अटी घातल्या.

"मावशी, हे खाली ठेवायचं नसतं. पर्समध्ये नाही, कपाटात नाही. आणि माझ्याच हातात द्यायचं. तिचा नवरा आहे म्हणत कुणी आलं तरी द्यायचं नाही."

"नाय देणार. तू जा, देव हाय," ती म्हणाली.

लिफ्टमध्ये उताणी पडल्या पडल्या मी देवाला हाक मारली. नवस बोलायचं सुचेना, काही मागायचंही त्राण नव्हतं. नुसतं म्हटलं, घे आता, तुझं तू बघ. आणि अंगाची थरथर थांबली. निघताना टोचलेल्या सुईमुळे थांबली असेल. त्यावर मी कुणाशी वाद घालणार नाही.

रात्रभर आयसीयूत ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी मला वॉर्डात परत आणलं तेव्हा नवरा धुमसत होता. आदल्या संध्याकाळी त्याने मंगळसूत्र मागितलं, मोबाइलवर लग्नाचा फोटो दाखवला, तरी बाईने दिलं नव्हतं. आणि आता शेजारची खाट रिकामी होती. त्या दोघी कुठे गेल्या, हे नव्या पाळीतल्या सिस्टरला ठाऊक नव्हतं.

"गेलं ते," तो म्हणाला.

मला फार राग आला. बाईचा नाही, देवाचा. जन्मात एकदाच तुझ्यावर भार टाकला, तर तूही फसवलंस? सारखा हात गळ्याशी जात होता आणि टाके दुखत असतानाही मी रडत होते.

भेटायच्या वेळेला ती आली. काळे कपडे, सुजलेले डोळे. खाटेजवळ उभी राहून तिने मानेमागे हात नेले आणि झग्याच्या आतून माझं मंगळसूत्र बाहेर ओढलं. क्रूसाच्या साखळीत त्याचा गुंता झाला होता. तो ती सावकाश सोडवत बसली.

"खाली नाय ठेवलं बघ. तुझ्या दाराशी दोनदा येऊन गेले, आत सोडलं नाय. माजी बहीन काल रातीच गेली गो. आता माती देऊनच आले. तिथं पन गळ्यातच होतं."

तिने ते माझ्या हातात ठेवलं. नवऱ्याने मान खाली घातली. मी म्हटलं, मावशी, तुम्हीच घाला. तिने माझी मान उचलून, केस बाजूला करून ते नीट घातलं.

तिला कुणी पाठवलं, हे मी ठरवत बसत नाही. भीती मला अजूनही वाटते, संशयही येतो. पण आता देवाला अटी घालत नाही, कारण मी भीतीपोटी घातलेल्या अटीसुद्धा त्याने एका दुःखी बाईकडून पाळून घेतल्या. ती दिवसरात्र माझ्या शेजारी होती आणि तिच्या बहिणीची चौकशी मी एकदाही केली नव्हती. त्या संध्याकाळी त्या बहिणीचं नाव विचारलं. रोझी. आता रोज दिव्यापुढे हात जोडते, तेव्हा घरच्यांच्या आधी ते नाव घेते.