ग्राफवाली चार मशीनं

मी गणित शिकवते. पण रविवारी वर्ग आटोपून घरी आले की नवरा विचारतो, "आज काय झालं?" तेव्हा मी गणित कधीच सांगत नाही. कोण काय म्हणालं ते सांगते. सहा वर्षांत असे किस्से इतके साठलेत की मैत्रिणी चहाला आल्या की म्हणतात, "तुझ्या कामगारांचं काहीतरी सांग ना." मी सांगते, त्या हसतात. मधेच एखादी हसायची थांबते. मग मी उठून बिस्किटं आणते.

आधी वर्ग कसला ते सांगते. आम्ही मूळचे नाशिकचे. नवऱ्याला सायली औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली, म्हणून सिल्वासाला आलो आणि डोकमर्डीत फ्लॅट घेतला. सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी नऊ ते बारा माझा वर्ग भरतो. येणारे आठ जण. सगळे कारखान्यांत काम करणारे, बहुतेक खानदेशातले. दूरशिक्षणाने डिप्लोमा करतात आणि गणिताच्या पेपरात अडकलेले असतात. पेपर सुटला तर हेल्परचा ऑपरेटर होतो, ऑपरेटरचा टेक्निशियन. नाही सुटला तर आहे तिथेच.

*

सायलीतली एक कंपनी बंद पडली. तिच्या ट्रेनिंग रूमचं सामान भंगारात निघालं, तेव्हा नवऱ्याच्या ओळखीच्या एकाने एक खोकं आमच्याकडे पाठवून दिलं. आत चार ग्राफिंग कॅल्क्युलेटर. विटेसारखे जाड, मोठा पडदा, खाली बटणंच बटणं. समीकरण टाकलं की त्याची रेषा पडद्यावर काढून दाखवणारे. मी एम.एस्सी. झालेली, पण असलं यंत्र कधी हातात धरलं नव्हतं. वर्गाला तसं सांगूनही टाकलं, "मलाही येत नाही. सगळे मिळून शिकू." दोघांत एक मशीन वाटलं.

रामदासकाका वर्गात सगळ्यांत मोठे, वय एक्कावन्न. नरोलीत भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर राहतात, बावीस वर्षं पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवर आहेत. त्यांनी हातातलं मशीन उलटं केलं. मागे चिकटपट्टीवर पेनाने कुणाचं तरी नाव लिहिलेलं होतं.

"हा तं आमच्या खोलीतला," काका म्हणाले.

"अरे वा. मग त्यांनाच विचारू या ना, कसं चालवायचं ते. लावा फोन."

काकांनी मशीन सुलटं केलं. "उचलत नाही मॅडम. कंपनी बंद झाली त्या आठवड्यात गावी गेला. ट्रंक अजून खोलीतच पडलीय."

ती पट्टी आम्ही कुणी काढली नाही.

*

पहिल्या दिवशी एक साधी रेषा काढायची होती. वाय बरोबर उणे एक्स अधिक चार. आठही जणांनी बरोबर टाकली आणि चारही मशीनांनी एरर दिली.

पाऊण तास गेला. शेवटी जाडजूड माहितीपुस्तकात सापडलं की या मशीनला वजाची दोन बटणं आहेत. एक उजवीकडे, वजाबाकी करायला. दुसरं खाली, एखादी संख्या मुळातच उणे आहे हे सांगायला. आम्ही सगळे पहिलंच दाबत होतो.

रामदासकाकांनी दोन्ही बटणांवरून अंगठा फिरवला. "म्हणजे मॅडम, वजा करणं वेगळं आणि मुळातच वजा असणं वेगळं."

"हो. गणितात फरक आहे."

"कंपनीत पण आहे," काका म्हणाले. "परमनंट माणसाला वजा करावं लागतं. कागदपत्रं लागतात, मीटिंगा होतात. ठेकेदाराचा माणूस मुळातच वजा."

वर्गातल्या आठांपैकी सहा जण ठेकेदाराचे होते. सगळे हसले. त्यानंतर ते बटण कुणी चुकलं नाही.

*

युवराज शिरपूरचा. एकोणतीस वर्षांचा. उजव्या हाताची पहिली दोन बोटं प्रेसमध्ये गेलेली. कंपनीने त्याला सांगितलं होतं, गणिताचा पेपर सोडव, क्वालिटी डिपार्टमेंटला खुर्चीवरचं काम देतो. तोवर तो झाडलोट करायचा.

मशीनची बटणं लहान. उरलेल्या बोटाने दाबायला गेला की दोन बटणं एकदम दाबली जायची. डाव्या हाताने कर, असं सगळ्यांनी सुचवलं. त्याने ऐकलं नाही. पुढच्या रविवारी येताना एक पेन्सिल घेऊन आला. उरलेल्या दोन बोटांत ती धरायची आणि मागच्या रबराने बटणं दाबायची. दोन महिन्यांत तो वर्गातला सगळ्यांत जलद माणूस झाला. मी फळ्यावर समीकरण लिहून वळेपर्यंत त्याच्या पडद्यावर वक्र तयार असायचा.

एकदा मधल्या सुट्टीत त्याच्या बायकोचा व्हिडिओ कॉल आला. फोन डाव्या हातात, उजवा हात टेबलाखाली. लहान मुलगी पडद्याजवळ तोंड आणून काहीबाही सांगत होती. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "घरी सांगितलं नाहीस का अजून?"

"सांगितलं ना मॅडम. एक बोट सांगितलं." त्याने पेन्सिल उचलली. "दुसरं जरा दमाने सांगतो."

*

त्रिकोणमिती सुरू केली त्या रविवारची गोष्ट. साइन तीस अंश म्हणजे अर्धा, हे मी झोपेतही सांगेन. मशीनवर टाकलं तर उत्तर आलं उणे शून्य पूर्णांक नऊशे अठ्ठ्याऐंशी. चारही मशीनांवर तेच.

वंदना पुढच्या बाकावर बसते. ती अमळनेरची, नरोलीला धाग्याच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. तिने वही पुढे केली. "ताई, तुम्ही म्हणता अर्धा, मशीन म्हणतं उणे. कुणाचं लिहू?"

"माझं लिही. मशीन चुकतंय."

"मशीन चुकत नसतं," मागून युवराज म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "माझ्या अपघाताच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय तसं. मशीन बरोबर होतं, ऑपरेटर चुकला."

दुपारी घरी जाऊन मी पुस्तक काढलं. मशीन अंशांऐवजी रेडियनमध्ये मोजत होतं. सेटिंगमध्ये एक ओळ बदलायची राहिली होती. म्हणजे मशीन खरंच बरोबर होतं. पुढच्या रविवारी हे वर्गाला सांगताना मी युवराजकडे पाहायचं टाळलं.

*

आता माझी चूक सांगते. ती मी मैत्रिणींना सांगत नाही.

परीक्षेचं केंद्र वापीला होतं. मी आठही जणांबरोबर गेले. चौघांनी मशीनं नेली, त्यात युवराज होता. बाकीच्यांनी साधे कॅल्क्युलेटर घेतले. मी बाहेर झाडाखाली पुस्तक वाचत बसले. पहिल्या पाच मिनिटांतच पर्यवेक्षकांनी चारही मशीनं काढून टेबलावर ठेवली. ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर चालत नाही, असा नियम हॉल तिकिटाच्या मागच्या बाजूला छापलेला होता. आठ महिने मी त्यांना ते मशीन शिकवत होते आणि हॉल तिकीट उलटं करून एकदाही पाहिलं नव्हतं.

युवराज अर्धा वेळ उरलेला असतानाच बाहेर आला. माझ्या शेजारी पारावर बसला.

"मला सगळी बटणं आठवत होती मॅडम," तो म्हणाला. "प्रश्न वाचला की हात आपोआप डेस्कवर चालायला लागायचा. उत्तर कुठे दिसणार?"

मी म्हटलं, "माझी चूक झाली, युवराज."

तो "नाही नाही" म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "पाणी आहे का?"

तीन मार्कांनी गेला.

रामदासकाका मात्र पास झाले. मशीन त्यांचंही काढून घेतलं होतं. मी विचारलं, कसं जमलं? म्हणाले, "मी तं आधी कागदावर करायचो, मग मशीनवर पडताळायचो. बावीस वर्षं प्रेसवर आहे. कुठल्याच मशीनमध्ये पूर्ण हात घालत नाही." निकाल घेऊन ते साहेबांकडे गेले. साहेबांनी अभिनंदन केलं, पेढा खाल्ला आणि म्हणाले, "काका, या वयात कशाला आता टेक्निशियनची धावपळ?"

*

युवराजसाठी मी त्याच्या कंपनीत गेले. एच.आर.चे साहेब पुण्याचे, माझ्याशी फार अदबीने बोलले. चहा मागवला. मी सांगितलं, चूक माझी आहे, त्याला गणित येतं, सहा महिन्यांनी परत पेपर आहे, तेवढं थांबा.

"मॅडम, तुमची तळमळ मला समजते," ते म्हणाले. "पण ती खुर्ची मागच्याच आठवड्यात भरली." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, "त्याला काढलेलं नाही हं आम्ही. गेटवर घेतलंय."

सहा महिन्यांनी युवराज साध्या कॅल्क्युलेटरवर पास झाला. चांगल्या मार्कांनी. अजून गेटवरच आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर डाव्या हाताने लिहितो. मधे चार दिवस गावी जाऊन आला, तेव्हा मी विचारलं, "दुसरं बोट सांगितलंस का बायकोला?"

"सांगितलं मॅडम. रडली थोडी." मग म्हणाला, "गेटचं नाही सांगितलं अजून."

*

परीक्षेत चालत नाहीत म्हटल्यावर मशीनं कपाटात जायची होती. वंदनाने एक मागून घेतलं. पुस्तकातलं शेवटचं प्रकरण तिला पाहिजे होतं. दोन याद्या करायच्या, एकेक आकड्यासमोर एकेक आकडा. मशीन त्यांचे ठिपके मांडतं आणि ठिपक्यांमधून एक सरळ रेषा ओढतं. मी तिला दोन रविवार शिकवलं. कशासाठी ते विचारलं नाही, तिने सांगितलंही नाही.

तिच्या कारखान्यात पॅकिंगची शेड पत्र्याची. दोनशे बायका उभ्याने काम करतात. भिंतीवर एक थर्मामीटर होता, तो बायकांसाठी नव्हे, धाग्यासाठी. फार तापलं की धागा तुटतो. त्या उन्हाळ्यात वंदना रोज दुपारी दोनला त्यावरचा आकडा पाहायची आणि त्या दिवशी किती बायकांना चक्कर आली ते मोजायची. पहिल्या यादीत तापमान, दुसऱ्या यादीत बायका. एकतीस दिवस भरल्यावर रेषा काढली. ती डावीकडून उजवीकडे जिन्यासारखी चढत गेली होती.

मशीन डब्याच्या पिशवीत घालून ती मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. मॅनेजर इंजिनियर माणूस. मशीन पाहून खूश झाले. खुर्ची दिली, तिच्या हातातून मशीन घेतलं.

"कुणी शिकवलं तुला?"

"आमच्या ताईंनी."

"छान केलंस. पण स्केल चुकलंय. तू उभ्या बाजूला वरचा आकडा दहा ठेवलास. शेडमध्ये बायका किती? दोनशे. मग दोनशे ठेवायला पाहिजे ना?" त्यांनी आकडा बदलला, बटण दाबलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. रेषा खाली तळाशी जाऊन सपाट पडली होती. "बघ. आडवी झाली."

"साहेब," वंदना म्हणाली, "बाया पण अशाच होतात."

साहेब हसले. बोलतेस चांगलं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली तर भिंतीवर थर्मामीटर नव्हता. खिळा होता.

हे सगळं तिने रविवारी वर्गात सांगितलं. सांगून झाल्यावर मशीन माझ्यापुढे ठेवलं. "ताई, आता हे रेषा काढत नाही. एरर देतं."

मी याद्या उघडून पाहिल्या. पहिलीत एकतीस आकडे होते, दुसरीत चौतीस.

"दोन्ही याद्या सारख्या लागतात, वंदना. पहिलीत आकडा नसेल तर दुसरीतला ते घेत नाही. तुझं पहिलं भरणं बंद झालंय, मग दुसरं का भरतेस?"

तिने मशीन माझ्या हातातून घेतलं.

"शनिवारचं राहिलं होतं," म्हणाली, आणि दुसऱ्या यादीत खाली नऊ टाकला.