खुर्चीच्या लग्नातला धवला

मी नझीर. पनवेलच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणजे पाटीवर तसं लिहिलंय, खपतात मोबाइलचे चार्जर. रेकॉर्ड वाजवायचं जुनं मशीन मी अजून विकलं नाही, म्हणून बायको हलीमा मला वेड्यात काढते. पण त्या मशीनपायीच गव्हाणचे काशीरामभाऊ आणि भामावहिनी माझ्याकडे यायचे. आता कधी कधी वाटतं, मशीन नसतं तर बरं झालं असतं.

भामावहिनी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून धवले गाते ना, ती बाई. तिचा स्वतःचा एक नियम होता. नवरीला आशीर्वाद देऊन झाल्याशिवाय धवला सोडायचा नाही. एकदा वाऱ्यानं मांडव आडवा झाला, माणसं पळाली, आणि ही नवरीचा हात धरून तिथेच गात उभी राहिली. गव्हाणात अजून सांगतात.

सत्तरच्या दशकात मुंबईच्या एका नाटक मंडळीनं पुढाऱ्यांची टर उडवणारं लोकनाट्य बसवलं. त्यात मंत्र्याचं लग्न लागतं, ते खुर्चीशी. खरीखुरी धवलारीण हवी म्हणून भामाला नेलं. नाटक तुफान चाललं आणि भर प्रयोगात ध्वनिमुद्रण करून त्याची रेकॉर्ड निघाली. कव्हरवर तिचं नाव नाही, ती 'आणि इतर'मध्ये गेली. पण गावानं आवाज ओळखला आणि वडीलधारे भडकले. देवाधर्माचे धवले, ते खुर्चीला? त्यानंतर तिला कुणी लग्नाला बोलावलं नाही. पोटच्या मुलाच्या हळदीला दुसरी धवलारीण आली आणि ही चुलीपाशी भाकऱ्या भाजत बसली. रेकॉर्ड तिनं कणगीमागे टाकली, कुणाला लावू दिली नाही. आठवलं की माझं डोकं फिरतं. थट्टा पुढाऱ्यांची झाली, ते मजेत राहिले. तोंड बंद झालं ते गाणारीचं.

मग २००८ साली तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हा काशीरामभाऊंनी कणगीमागून रेकॉर्ड काढली आणि बायकोला रिक्षात घालून माझ्या दुकानात आणलं.

"नझीरभाय, लाव. तिला तिचा आवाज ऐकवाचा हाय."

धवला सुरू झाला. खुर्चीबाईला हळद लावा, चारी पाय धरा. काय आवाज होता, या अल्लाह! वहिनीचे ओठ हलायला लागले. मग खुर्चीचं कन्यादान आलं आणि थिएटर हसून फुटलं. काशीरामभाऊंनी झटकन सुई उचलली. वहिनी डावा हात पुढे ढकलत काहीतरी खुणावत होती.

"बघ, बंद कर बोलते," ते म्हणाले. "त्या हसण्यानंच तिचा घात केला."

मलाही ते पटलं. त्यानंतर ते दर महिन्याला यायचे. हसू फुटायच्या अगदी आधी सुई उचलायची, हे त्यांच्या बोटांना पाठ झालं. वहिनी दरवेळी हात हलवायची. आम्ही समजायचो, जखम अजून ओली आहे.

२०११ला त्यांच्या नातीचं, नीताचं लग्न ठरलं. पोरगी हट्टाला पेटली. "माझ्या हळदीला आजीचाच आवाज पाहिजे. गावाला काय बोलायचं ते बोलू दे." मी मशीन घेऊन गव्हाणला गेलो, मोठे स्पीकर जोडले. सुईपाशी काशीरामभाऊ स्वतः बसले. वहिनीला नवरीशेजारी खुर्चीत बसवलं होतं.

आवाज मांडवात घुमला आणि बायका ऐकायला जवळ सरकल्या. ज्या म्हाताऱ्यांनी तिला वाळीत टाकल्यासारखं केलं होतं, तेसुद्धा माना खाली घालून ऐकत होते. इतक्या वर्षांनी वहिनीच्या गळ्यातून बारीकसा सूर निघाला. काशीरामभाऊ तिच्या तोंडाकडे बघतच राहिले आणि सुई उचलायची राहून गेली. स्पीकरमधून ते जुनं हसू मांडवावर कोसळलं. पोरंटोरंही खिदळली. त्यांनी घाबरून रेकॉर्ड बंद केली. वहिनी खुर्चीच्या हातावर थापा मारत रडायला लागली, नीताकडे हात करायला लागली. सगळ्यांनी समजूत घालत तिला आत नेलं. ती पुन्हा कधी दुकानात आली नाही. दिवाळीनंतर गेली.

तिचे दिवस झाल्यावर काशीरामभाऊ एकटेच रेकॉर्ड घेऊन आले. मी लावली. नेहमीची जागा आली, पण त्यांचा हात मांडीवरच राहिला. आता कुणासाठी उचलणार? हसू फुटलं, टाळ्या पडल्या. आणि त्या गदारोळाखाली आम्हाला वहिनीचा आवाज ऐकू आला. ती थांबलीच नव्हती. खुर्ची नाही, मंत्री नाही. साधा, जुना आशीर्वाद. लेकी, तुझ्या घरात दिवा लागो, तुझी कूस भरो. हसणारे हसून थकले, थिएटर शांत होत गेलं, आणि तिनं धवला शेवटपर्यंत नेला.

काशीरामभाऊ मशीनकडे बघत बसले होते. मग हळूच त्यांनी आपला डावा हात पुढे ढकलला, तिच्यासारखाच.

"फुडं लाव बोलत व्हती रं ती," ते म्हणाले. "नीताला आशीर्वाद द्याचा व्हता तिला. आन मी बंद केला."

मला रडू आवरेना. त्यांनी मला सुई पुन्हा आशीर्वादावर ठेवायला सांगितलं, आणि मी ठेवली.