काकूचा उकिरडा

आमच्या सखूकाकूने स्वयंपाकघरातून फेकलेली केळीची साल मागच्या दाराने बाहेर पडते, गोठ्याला वळसा घालते आणि उकिरड्याच्या बरोबर मधोमध जाऊन पडते. परवा तिने त्याच ऐटीत फरसाणाची रिकामी पिशवी भिरकावली.

“काकू, ती कुजत नाही!”

“गप रे! माझ्या उकिरड्यात सगळं कुजतं. तुझा काका एकदा त्यात पडला होता. तासभर उशीर झाला असता, तर त्याचंही खत झालं असतं.”

मी हसलो खरा, पण तेव्हापासून चैन नाही. आपले पूर्वज निसर्ग सांभाळून जगत, हे मी गावभर छाती फुगवून सांगतो. लुगड्याची गोधडी व्हायची, गोधडीचं पायपुसणं व्हायचं, हे खरंच. पण फेकायची वेळ आली की तेही असेच न बघता फेकत असणार. त्यांच्या हाती न कुजणारं काही आलंच नाही, एवढंच त्यांचं शहाणपण असेल तर? हात तोच राहिला आणि त्यात पिशवी आली.

आज सकाळपासून गाभण कपिलेने रवंथ केलेला नाही. उकिरड्यावर पिशवीही दिसत नाही. गुरांचे डॉक्टर निघालेत. काकू गाईच्या पोटाला कान लावून बसली आहे.

“वाऱ्याने उडाली असेल ना रे पिशवी?” तिने हळूच विचारलं.

“वाऱ्यानेच, काकू,” मी म्हणालो.

बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं.