सभागृहात दिलेला शब्द

आमच्या पांढुर्ण्याच्या विहारात दर पौर्णिमेला वंदना झाली की राज्यसभा भरायची. थट्टा करत नाही. बाबा पुढे बसायचे, चष्मा पुसायचे आणि दिल्लीहून आलेले छापील कागद वाचायला घ्यायचे. ज्या खासदारांची ती भाषणं, ते बाबांचे नागपूरच्या वसतिगृहातले सोबती, एका ताटात जेवलेले. ते राज्यसभेवर गेले तेव्हा बाबा तिगावच्या शाळेत मास्तर होते आणि बस्तीतले बाकीचे बहुतेक संत्र्यांच्या बागांत मजुरीला जात. खासदार सभागृहात जे काही बोलत, त्याची प्रत ते बाबांना न चुकता पाठवत.

भाषणं हिंदीत असायची. बाबा एक ओळ वाचून लगेच आपल्या बोलीत सांगायचे. संत्र्यांसाठी रेल्वेचे मालडबे वेळेवर मिळत नाहीत, वसतिगृहातल्या मुलांच्या ताटात काय पडतं, कापसाचा भाव, विहिरीवर पाणी भरलं म्हणून कुणाला झालेली मारहाण. कंसातलंही सोडत नसत. ‘व्यवधान’ आलं की सांगायचे, "इथं बाकीचे मधातच बोंबलून राहिले." ‘समय की घंटी’, म्हणजे बोलायची वेळ संपल्याची घंटा, आली की सगळा विहार चिडायचा. आमच्या शेजारची काकू, जिने शाळेचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता, ती तर उठून उभीच राहायची. "काहून घंटी वाजवते तो मेला? बोलू दे ना त्याले! आपलंच त बोलून राहिला." उपसभापतींना आमच्या बस्तीत जेवढ्या शिव्या बसल्या, तेवढ्या विरोधी पक्षानेही दिल्या नसतील.

हे सांगताना आधी हसू येतं, पण ते टिकत नाही, कारण त्या कागदांवर आम्ही नको तेवढा विश्वास टाकला. ज्यांनी घटना लिहिली त्यांचा फोटो आमच्या प्रत्येक घरात होता. त्यांनी लिहिलं आणि आमचं जगणं बदललं. त्यामुळे सभागृहात बोललं गेलं म्हणजे काम झालंच, असं आमच्या लोकांच्या हाडात बसलेलं. बाकीचे लोक नेत्यांची भाषणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतात. आम्हाला ते कधी जमलंच नाही.

आता दादाचं सांगते. दादा माझा मोठा भाऊ. रेल्वेत लागायचं, हे त्याचं एकच वेड. दिवसा मंडीत संत्र्यांच्या पेट्या ठोकायचा आणि संध्याकाळी परीक्षेची पुस्तकं घेऊन बसायचा. अडचण होती ती आमच्या जातीच्या दाखल्याची. धर्म बदलल्यावर केंद्राच्या नोकरीतली राखीव जागा आमच्या हातून गेली होती. ‘बौद्ध’ लिहिलं की सवलत नाही. ‘हिंदू’ आणि पुढे जुनी जात लिहिली की आहे. भोगलेलं तेच, लोकांची नजरही तीच, कागद तेवढा वेगळा. बस्तीतल्या दोघातिघांनी घरात बौद्ध आणि कागदावर हिंदू असं करून नोकऱ्या मिळवल्या होत्या. मी त्यांना तेव्हाही नावं ठेवली नाहीत, आजही ठेवत नाही. बाबांनी मात्र आम्हा दोघांच्या दाखल्यावर ठसठशीत ‘बौद्ध’ लिहून घेतलं होतं.

एकदा जवळच्या सौंसरला कार्यक्रमासाठी खासदार आले. बाबांनी गर्दीतून वाट काढत दादाला त्यांच्यापुढे उभं केलं. "हा माहा पोरगा. रेल्वेत जायाच्या लायकीचा हाये. याच्यासाठी एकदा बोल ना तिथं." खासदारांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि "बोलतो," म्हणाले. पुढच्याच अधिवेशनात ते बोललेही. तो माणूस खोटा नव्हता, एवढं मला रागातही कबूल करावं लागतं.

त्या पौर्णिमेला विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. सौंसरहून, लोधीखेड्याहून लोक आले होते. बाबा वाचत होते: देव बदलला म्हणून कुणाची गरिबी बदलत नाही, आणि गावही त्याला वेगळ्या नजरेने पाहत नाही, मग सवलत का काढून घेतली? पुढे एका लहान गावातल्या, पेट्या ठोकणाऱ्या मुलाचा उल्लेख होता. दादा मान खाली घालून बसला, त्याचे कान लाल झाले होते. शेवटी मंत्र्यांचं उत्तर आलं, की सरकार या मागणीचा सहानुभूतीने विचार करेल.  कागद खाली ठेवून बाबा म्हणाले, "सरकारनं सभागृहात शब्द देल्ला." विहारभर ‘साधु, साधु, साधु’ झालं. काकूने गूळ वाटला. विचार करेल म्हणजे नेमकं काय करेल, हे कुणी विचारलं नाही. मास्तर असलेल्या माझ्या बापाने विचारलं नाही, तिथे मजुरांनी काय विचारावं?

दादाने राखीव जागेसाठी अर्ज भरला, ‘बौद्ध’ लिहूनच. लेखी परीक्षा पास झाला. कागद तपासायला नागपूरला बोलावणं आलं तेव्हा दाखल्यासोबत ते भाषणही नेलं. बाबांनीच पिशवीत घातलं होतं. तिथल्या साहेबांनी ते शेवटपर्यंत वाचलं म्हणे. मग म्हणाले, "बहुत अच्छा बोले हैं. लेकिन बेटा, ये भाषण है, कानून नहीं." हिंदू लिहिलेला दाखला आठवडाभरात आणलास तर बघता येईल, असंही त्यांनी हळूच सुचवलं. दादाचं वय काठावर आलं होतं. पुढच्या भरतीला तो बसू शकणार नव्हता.

घरी येऊन त्याने बाबांना सगळं सांगितलं आणि थांबला. मी चुलीपाशी होते, भाकरी तव्यावर तशीच राहिली. बाबा उठले. मग म्हणाले, "मी आत्ताच दिल्लीले तार करून येतो." चपला घातल्या आणि निघून गेले. आई दारापर्यंत मागे गेली, "अवो, पोराकडं त पाहा," म्हणत. त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्या आठवड्यात आमच्या घरात कुणाला घास गोड लागला नाही. बाबा शाळेतून आले की पोस्टमनची चौकशी करत आणि दादाच्या नजरेला नजर देणं टाळत. दादा रोज सकाळी धुतलेले कपडे घालून ओसरीवर बसायचा. मला वाटायचं, बाबा ‘जा’ म्हणाले की दुसरा दाखला आणायला तहसीलला पळायचं म्हणून तो तयार बसतो. बाबा काही म्हणाले नाहीत. मुदत संपली तेव्हा दादाने जुने कपडे चढवले आणि मंडीत गेला.

पुढच्या अधिवेशनात खासदारांनी प्रश्न पुन्हा मांडला, पण तेव्हा घंटी लवकर वाजली. ते कागद वाचले त्या पौर्णिमेला दादा विहारात आला नाही, त्यानंतर कधीच आला नाही. बाबा वाचत राहिले. आवाजातला जोर गेला होता, काकूही आता उठून उभी राहत नव्हती. पुढे खासदारांची मुदत संपली आणि कागद येणं थांबलं.

बाबा आणि दादा यांच्यात भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं होतं. एका छपराखाली राहून दोघं कामापुरतं बोलायचे, बाकी आई आणि मी मध्ये. मला बाबांचा भयंकर राग यायचा आणि त्यांच्या वाकत चाललेल्या पाठीकडे पाहून रडूही यायचं. त्या घरात माझा जीव गुदमरायचा.

दशक उलटलं आणि कायदा खरंच बदलला. बौद्धांना केंद्रातही सवलत मिळाली. रेडिओवर बातमी लागली तशी बस्तीत निळा गुलाल उधळला गेला. लोक आमच्या दारात आले. "गुरुजी, तुम्हीच लावून धरलं होतं," म्हणत हार पुढे करू लागले. बाबांनी हार घालून घेतला नाही. ते भिंतीला टेकून बसून राहिले.

दादा मंडीतून आला. लोक पांगले होते. बाबा उठून त्याच्यासमोर उभे राहिले.

"आता भर अर्ज," ते म्हणाले.

"बाबा, माहं वय निंघून गेलं."

"मालूम हाये रे मले." ते तिथेच खाली बसले. मग इतकी वर्षं मनात ठेवलेलं त्यांनी विचारलं. "तवा मी ‘हिंदू लिही’ म्हणालो असतो, त आज तू रेल्वेत असता. हेच वाटते ना तुले?"

दादा हात धुवायला वाकला होता, तसाच थांबला.

"मी लेहलं नसतंच," तो म्हणाला. "पण तुम्ही एकदा म्हणाले पाह्यजे होते, बाबा."